बाईकवरचा अँप कसा सेट करायचा: गेन नंतर, आधी एचपीएफ

शिगम्याच्या तीन दिवस आधी माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चे पुढचे दोन्ही स्पीकर गेले. फाटले नाहीत, आपटले नाहीत, गोव्यात साखळी गावाहून डिचोलीला येता येता आवाज आधी खरखरायला लागला, मग डावा बंद, थोड्या वेळाने उजवा पण, आणि घरी येऊन जाळीजवळ नाक नेलं तर जळक्या वार्निशचा वास. कॉइल गेली होती. अँप मात्र ठणठणीत. ज्याने बसवून दिलं होतं त्याच्याकडे गेलो, नाव घेत नाही, तो म्हणाला स्पीकर हलके होते, भारीतले टाका. मी तिथेच सीट उघडून अँप बघितला तर गेन (येणारा सिग्नल अँप किती वाढवतो ते ठरवणारा नॉब) पूर्ण उजवीकडे, बास बूस्ट पूर्ण उजवीकडे आणि फिल्टरचा स्विच "फुल"वर. दुकानाच्या दारात गाडी मेन स्टँडला लावून त्याने असंच वाजवून दाखवलं होतं, छातीत धडधडलं, खूश होऊन पैसे दिले आणि आलो. तीन आठवडे टिकलं.

त्यानंतर मल्टिमीटर घेतला, थोडं वाचलं, थोडं जाळलं, आणि आता चुलत भावाची, मित्रांची अशा सात-आठ गाड्या सेट करून झाल्यात. तीच पद्धत खाली देतोय. कारवाले जे सांगतात त्यातलं बरंचसं बाईकला जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण कारला दारं असतात, काचा असतात आणि आपल्याला असतो वारा. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, बाईकवर सगळ्यात महत्त्वाचा नॉब गेन नाही, एचपीएफ आहे, म्हणजे हाय पास फिल्टर, खालचा बास अडवणारा. तो बरोबर लागला की बाकीचं निम्मं काम आपोआप होतं.

आधी अँपचा खोटेपणा काढा

खोक्यावर "१००० वॉट" लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. अँपच्या बुडाशी जो फ्यूज असतो तो बघा. माझ्या चार चॅनेलच्या, म्हणजे चार वेगळे आउटपुट असलेल्या अँपला २५ अँपिअरचा फ्यूज आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट धरा, म्हणजे २५ गुणिले १४, जास्तीत जास्त ३५० वॉट आत जाणार. क्लास डी (कमी तापणारा, नवीन प्रकारचा) अँप त्यातले ८० टक्क्यांच्या आसपास बाहेर काढतो, बाकीची उष्णता. झाले २८० वॉट, चार चॅनेलला भागले की चॅनेलमागे ७०. हजार वॉट कुठून आणणार तो, आकाशातून? जुना क्लास एबी असेल तर ८० च्या जागी ५०-५५ टक्के धरा, आणि खरं सांगायचं तर बाईकवर क्लास एबी लावूच नका, तापतो आणि बॅटरी पितो.

स्पीकरवर पण दोन आकडे असतात, मॅक्स आणि आरएमएस. मॅक्स विसरा, आरएमएस म्हणजे सतत झेपणारी पॉवर. आरएमएसचा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे हिशोबाला लागणार आहे. आणि अजून एक आकडा असतो ज्याच्याकडे कोणी बघत नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो, ८८ डेसिबल, ९२ डेसिबल असं काहीतरी. एका स्पीकरचे ८८ आणि दुसऱ्याचे ९२ असतील तर तेवढाच आवाज काढायला पहिल्याला अडीच पट वॉट लागतात. ५० वॉटचा अँप काढून १०० वॉटचा लावला तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतात, आणि "दुप्पट मोठा" वाटायला दहा पट पॉवर लागते. म्हणजे ज्याला आवाज वाढवायचाय त्याने पैसे अँपवर नाही, जास्त सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर घालावेत. गाडीचं चार्जिंग काही दहा पट होणार नाही.

गाडी किती देऊ शकते ते बघा

मल्टिमीटर घ्या, साधा डिजिटल चालतो, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीवर लावा, १२.६ च्या वर दाखवायला हवं. मग इंजिन चालू करून थोडा रेस द्या, १३.८ ते १४.४ च्या मध्ये कुठेतरी स्थिर झालं पाहिजे. नसेल होत तर अँप राहू दे, आधी मॅग्नेट कॉइल आणि रेग्युलेटर दाखवून घ्या. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या सगळ्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू असतो हे पण लक्षात ठेवा, हॅलोजन असेल तर ५५-६० वॉट तिथेच गेले.

आता गाणं लावून तेच परत मोजा. पन्नास वॉटचे चार चॅनेल एकदम फुल टोनवर (एकसुरी, अखंड आवाजावर) चालले तर १८ अँपिअर ओढतात, पण गाणं म्हणजे टोन नव्हे, सरासरी त्याच्या पाव-एक तृतीयांशच असतं, म्हणजे पाच-सहा अँपिअर. चालत्या गाडीत हे बहुतेक निभतं. आयडलिंगला नाही निभत. सिग्नलला थांबल्यावर व्होल्टेज १२.५ च्या खाली जायला लागलं तर आवाज कमी करायचा, इतकं साधं आहे. आणि इंजिन बंद करून बीचवर गाणी लावून बसणाऱ्यांनी हिशोब करा, १४ अँपिअर-तासाची बॅटरी आणि पाच अँपिअरचा खप, कागदावर पावणेतीन तास होतात पण सेल्फ मारायला निम्मी तरी शिल्लक लागते, म्हणून तासाभरात बंद करा. आमचा एकजण मोरजीच्या किनाऱ्यावर असाच अडकला होता, वाळूत बुलेट ढकलायची म्हणजे काय ते त्याला विचारा. स्कूटरवाल्यांची बॅटरी तर याहून कितीतरी लहान, तिथे दोन लहान स्पीकर आणि छोटा अँप, त्यापुढे जाऊ नका.

वायरिंग पटकन

यावर वेगळं लिहावं लागेल, पण सेटिंगच्या आधी हे बरोबर नसेल तर सेटिंगला काही अर्थ नाही, म्हणून थोडक्यात. पॉझिटिव्ह सरळ बॅटरीवरून, हॉर्न किंवा हेडलाइटच्या वायरला जोडून घ्यायचं नाही. बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज. निगेटिव्ह पण सरळ बॅटरीवरच, चॅसीच्या रंगवलेल्या बोल्टवर नको. वायर ६ स्क्वेअर एमएमची तरी घ्या आणि पूर्ण तांब्याची, बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बरीच फिरते, ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. किनाऱ्याकडे राहणाऱ्यांनी शक्यतो कलई केलेली मरीन वायर घ्यावी, खाऱ्या वाऱ्याने साधं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं. अँपला चालू-बंद करणारी रिमोटची बारीक निळी वायर इग्निशननंतरच्या लाइनला, म्हणजे चावी काढली की अँप बंद.

स्पीकरची प्लस-मायनस उलटी झाली तर बास गायब होतो आणि गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. अँपच्या बाजूने स्पीकरच्या वायरी सोडवून पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं. चारही स्पीकर तपासा.

ओहमचं पण बघून घ्या. चार ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला पॅरलल जोडले की दोन ओहम होतात, अँप दोन ओहम झेपणारा आहे का ते त्याच्या पत्रकात असतं. ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल मिळून एक करून जोडलं तर बहुतेक अँपना किमान चार ओहम लागतात, त्याखाली गेलात की अँपचा धोक्याचा लाल दिवा.

आता सेटिंग: सगळं शून्यावर

अँपचे सगळे नॉब डावीकडे. गेन शून्य, बास बूस्ट शून्य, असल्यास ट्रेबल बूस्ट पण शून्य. मोबाइलमधला इक्वलायझर बंद, डॉल्बी बंद, "थ्रीडी सराउंड" नावाचं जे काही असेल ते बंद, गाण्याच्या अॅपमधलं आवाज समान करायचं सेटिंग पण बंद. मोबाइलचं गाणं अँपला देणाऱ्या ब्लूटूथ रिसीव्हरला स्वतःचं व्हॉल्यूम असेल तर ते साधारण ८० टक्क्यांवर ठेवा आणि परत हात लावू नका. मोबाइल मात्र फुलच्या एक-दोन टिक खाली. मोबाइल अर्ध्यावर ठेवून अँपचा गेन चढवला की गाण्याबरोबर सळसळ पण तेवढीच वाढते, शांत रस्त्यावर कान किटतात.

एचपीएफ

हा फिल्टर ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज स्पीकरकडे जाऊच देत नाही. लोकांना वाटतं म्हणजे बास कापला, आपलं नुकसान. पण काय होतं बघा. तेवढाच मोठा आवाज १०० हर्ट्झच्या जागी ५० हर्ट्झला काढायचा असेल तर कोनला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. साडेसहा इंची स्पीकर, मागे धड बंद पेटी नाही, तो चौपट हलणार कसा? तो आपटतो. आणि एवढं करून जो ५० हर्ट्झ निघाला तो ऐकू येतो का? चालत्या गाडीवर वाऱ्याची घोंघों जी असते ती सगळी याच खालच्या भागात असते, हेल्मेट वरचे आवाज बऱ्यापैकी अडवतं पण ही घोंघों अडवत नाही. म्हणजे अँपची सगळी ताकद, बॅटरीचे सगळे अँपिअर, तुम्ही अशा आवाजावर घालवताय जो वारा खाऊन टाकतो. तो कापला की तीच ताकद गायकाला, सतारीला, गिटारला मिळते.

माझे आकडे, हर्ट्झमध्ये: तीन इंची स्पीकर असेल तर १८० ते २००, चार इंची १२० ते १५०, साडेसहा इंची मागच्या पेटीत असेल तर ९० ते १००, हँडलवर उघड्या पॉडमध्ये असेल तर ११०-१२०. अँपवर स्विच असतो, एलपीएफ (फक्त खालचा आवाज सोडणारा), फुल (सगळं सोडणारा), एचपीएफ, तो एचपीएफवर. सबवूफर लावलेला नसेल तर एलपीएफशी तुमचा काही संबंध नाही. असेल तर त्याच्या चॅनेलला एलपीएफ ८० ते १०० आणि बाकीच्यांचा एचपीएफ साधारण तिथेच. पण बाईकवर सबवूफर हा प्रकार मला तरी पटत नाही, मिरवणुकीला मिरवायला ठीक.

नॉबवर नेमके आकडे नसतात, ५० आणि ५०० च्या मध्ये नुसत्या रेघा असतात, म्हणून शेवटी कानानेच लावावं लागतं. मी काय करतो सांगतो. गणेश चवथीला आमच्या वाड्यावर घुमट आरती होते (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य), तिचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, घुमट, शामेळ, कासाळें, सगळं. घुमटाचा तो खालचा घुमणारा ठोका स्पीकर बरोबर उघडा पाडतो. गेन थोडासा वर, गाडी स्टँडवर, जाळी काढलेली, एचपीएफ सगळ्यात खाली. घुमट वाजला की कोन लांबून दिसेल इतका थडथडतो. आता एचपीएफ हळूहळू वर न्या आणि कोनकडे बघत राहा, एका जागी थडथडणं एकदम शांत होतं पण घुमट घुमटासारखाच वाजतो, नुसती टिमकी होत नाही. तिथे थांबा. टिमकी झाली तर जास्त झालं, किंचित मागे या. पहिल्यांदा हे केलं तेव्हा चुलत भाऊ शेजारी उभा होता, म्हणाला, "अरे, बास कमी केलोस आनी आवाज वाडलो कसो?" तोच तर मुद्दा आहे.

गेन, मल्टिमीटर लावून

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही हे दहा वेळा ऐकलं असेल. मोबाइलकडून येणारा सिग्नल किती लहान-मोठा आहे ते अँपला सांगायचा तो नॉब आहे. म्हणूनच त्यावर आकडे उलटे असतात, डावीकडे ४ व्होल्ट आणि उजवीकडे ०.२. येणारा सिग्नल जेवढा बारीक तेवढा नॉब उजवीकडे. गरजेपेक्षा जास्त फिरवला की सिग्नलचे शेंडे छाटले जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि पूर्ण छाटून चौकोनी झालेला सिग्नल तेवढ्याच उंचीच्या गोल सिग्नलच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओततो. माझ्या स्पीकरचा जळका वास इथूनच आला होता. अँप "मोठा" नव्हता, चुकीचा लावला होता.

हिशोब असा: स्पीकरचा किंवा अँपचा आरएमएस, दोन्हीत जो लहान तो घ्या, त्याला ओहमने गुणा, आणि वर्गमूळ काढा. आला तो व्होल्टेज. चार ओहमला ३० वॉट म्हणजे ११ व्होल्ट, ५० वॉट म्हणजे १४.१, ७५ वॉट म्हणजे १७.३, १०० वॉट म्हणजे २०. दोन ओहमचा भार असेल तर आकडे बदलतात, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढा.

मग स्पीकरच्या वायरी अँपमधून सोडवा, सगळ्या, एकमेकांना टेकू देऊ नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, अँपच्या त्या चॅनेलच्या प्लस-मायनसला. इंजिन चालू ठेवा नाहीतर बॅटरी उतरते आणि रीडिंग खोटं येतं, फक्त बंद गॅरेजमध्ये नको, धूर कोंडतो, अंगणात करा. मोबाइलवर टेस्ट टोन वाजवा. सगळीकडे १००० हर्ट्झ सांगतात, पण स्वस्तातले मल्टिमीटर एसी ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचं दाखवतात, म्हणून मी ४०० हर्ट्झचा वापरतो, तो आपल्या एचपीएफच्या पण बराच वर आहे, मधे कापला जात नाही. टोनची फाइल ० डेसिबलची, म्हणजे फाइलमध्ये बसेल तेवढ्या कमाल पातळीची. आता गेन हळूहळू वर, मीटरवर तुमचा आकडा आला की थांबा. माझ्या पुढच्या चार इंचींना, ३० वॉटचे आहेत, ११ व्होल्ट आला तेव्हा नॉब घड्याळात दहा वाजतात तिथे होता. दुकानवाल्याने पाच वाजवले होते.

नॉब पूर्ण फिरवून पण आकडा येत नसेल तर रिसीव्हरचा सिग्नल फार बारीक आहे, जबरदस्ती करू नका, जास्त आउटपुटचा रिसीव्हर बघा. आणि आकडा आला तरी जास्तीत जास्त तिथपर्यंतच, तिथे न्यायलाच हवं असं काही नाही.

एक बारकावा. आजकालची गाणी मुळातच ठासून भरलेली असतात, त्यांना ० डेसिबलच्या टोनने लावलेला गेन बरोबर बसतो. पण माझ्यासारखं जुनी नाट्यगीतं, भजनं ऐकत असाल तर ती रेकॉर्डिंगं हळू असतात, ० ने लावलं तर आवाज पुरत नाही असं वाटतं. अशांनी −५ डेसिबलचा टोन घेऊन तोच व्होल्टेज लावला तरी चालतं, मात्र मग मधेच नवीन गाणं लागलं तर मोबाइलचा आवाज खाली घ्यायची सवय हवी. सवय नसेल तर ० वरच ठेवा.

मीटर नाहीच मिळाला तर कानाने: ओळखीचं स्वच्छ गाणं, ज्यात बाईचा चढा आवाज आहे असं, मोबाइल फुलच्या दोन टिक खाली, गेन वाढवत जा, "स" आणि "श" जिथे चरचरायला लागतात तिथून बऱ्यापैकी मागे या. बरं जमतं, पण मीटर तो मीटर.

पुढचे-मागचे वेगळ्या चॅनेलवर असतील तर आधी दोन्ही असे मोजून घ्या, मग बसून ऐका आणि जे जास्त वाटतं ते कमी करा. कमी वाटतं ते वाढवायचं नाही, त्याची मर्यादा मीटरने ठरवलीय. मागे बसणाऱ्याच्या पोटरीशी स्पीकर असतो, त्याच्या मानाने तुम्हाला मागचा कमीच वाटणार, ते सोडून द्या.

बास बूस्टला हात लावू नका

बहुतेक अँपवर हा ४५ हर्ट्झच्या आसपास असतो. ६ डेसिबल वाढवला तर त्या फ्रिक्वेन्सीला चौपट पॉवर, १२ डेसिबल वाढवला तर सोळा पट. आरामात ५ वॉटवर गाणं चाललंय, १२ चा बूस्ट दिला, झाले ८० वॉट, अँप ५० चा, म्हणजे लगेच क्लिपिंग. आणि आपण एचपीएफ १०० ला लावून ४५ हर्ट्झ कापलाय, म्हणजे एका हाताने पाणी ओतायचं आणि दुसऱ्या हाताने उपसायचं. शून्य. विषय संपला.

खरी परीक्षा रस्त्यावर

स्टँडवर जे चांगलं वाजतं ते रस्त्यावर तसं वाजेलच असं नाही, म्हणून शेवटचं सेटिंग चालवूनच. मी दोन टप्प्यांत करतो. आधी डिचोली ते साखळी, ४० च्या स्पीडने, यात स्पीकरचे कोन बघायचे. बारीक आवाज सरळ रेषेत जातो, स्पीकरचं तोंड तुमच्या पोटाकडे असेल तर गाणं पोटालाच ऐकू जातं. तोंड कानाच्या दिशेला करा, हँडल पॉड असेल तर क्लॅम्प ढिला करून दोन बोटं वर उचला. मला याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही नॉबने पडला नाही.

मग धारगळच्या बाजूला हायवेला, ७०-८०. इथे बास जवळजवळ नाहीसा होतो, ते ठीक आहे, होणारच. शब्द कळतात का ते बघा. शब्दांची स्पष्टता १००० ते ४००० हर्ट्झच्या मध्ये असते, नसतील कळत तर गाडी कडेला लावून मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये तेवढाच भाग २-३ डेसिबल वर घ्या, आणि त्याहून बरं म्हणजे २५० हर्ट्झच्या आसपासचा २-३ डेसिबल खाली घ्या, तिथे सगळी गिचमिड असते. हेल्मेटमुळे वरचा आवाज दबतो म्हणून ८००० च्या वर पण २ डेसिबल दिलात तरी चालेल. चालवता चालवता मोबाइलला हात लावायचा नाही, चोर्ला घाटाच्या वळणांवर तर अजिबात नाही.

आणि ८० ला ऐकू येत नाही म्हणून गेन वाढवायचा मोह होतो, तो आवरा. वारा आधीच कानावर आदळत असतो, त्याच्यावर मात करायला गाणं किती मोठं लागेल विचार करा. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा, या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. म्हापशाहून पेडण्याला जायला पण त्याहून जास्त वेळ लागतो.

चिंयsss असा आवाज येत असेल तर

रेस दिला की वाढणारा, रेस सोडला की उतरणारा बारीक आवाज म्हणजे चार्जिंगचा. गाणं बंद करून ब्लूटूथ रिसीव्हरची सिग्नल केबल अँपमधून काढा. आवाज थांबला तर तो केबलमधून किंवा रिसीव्हरकडून येतोय: केबल इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरपासून दूर दुसऱ्या बाजूने न्या, रिसीव्हरची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर अँपच्याच अर्थिंगच्या जागी जोडा, तरीही राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते ती मधे टाका. केबल काढूनही थांबला नाही तर अँपचं स्वतःचं अर्थिंग खराब आहे, बॅटरीच्या मायनसवरचं टर्मिनल घासून परत आवळा. दहातल्या सात वेळा हेच निघतं.

लाल दिवा लागून अँप बंद पडत असेल तर गार असतानाच लागतो की तापल्यावर, ते बघा. गार असताना म्हणजे कुठेतरी वायर चॅसीला टेकतेय किंवा ओहम कमी आहेत. मे महिन्यात दुपारी अर्ध्या तासाने लागत असेल तर सीटखाली हवा नाही, अँप इंजिनपासून लांब साइड पॅनेलमध्ये हलवा, खाली रबरी बुशवर अर्धा इंच उचलून.

रात्री दहा

हे सांगितलंच पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सायलेन्स झोन म्हणून जाहीर करता येतो. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५, आपली बाईक नुसती मध्यम आवाजात वाजली तरी त्याच्या वर जाते. मी गावात शिरलो की मोबाइल चार-पाच टिक खाली घेतो. देवळात भजन चालू असतं, आणि आपण बाहेरून धाडधाड करत जायचं हे बरं दिसत नाही.

नॉब हलू नयेत म्हणून

सिंगल सिलिंडरची थरथर नॉब हळूहळू फिरवते, महिन्याभरात दहाचे अकरा वाजलेले असतात. सेटिंग झालं की प्रत्येक नॉबच्या टोकावर आणि अँपच्या बॉडीवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारा, हलला तर लगेच दिसतं. मी बायकोची लाल घेतली होती, न विचारता, ते प्रकरण वेगळं. सगळ्या नॉबचे फोटो काढून ठेवा.

जूनच्या आधी प्रत्येक टर्मिनल उघडून पुसा, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, अँपकडे जाणाऱ्या वायरींना खाली एक झोळ ठेवा म्हणजे पाणी वायरवरून अँपमध्ये न जाता तिथून टपकतं. अँपचं खोकं पूर्ण सील करू नका, आत दमट हवा कोंडून जास्त वाट लागते, बुडाला एक बारीक भोक असू दे. धो धो पावसात सरळ बंद ठेवा, हेल्मेटवर थेंब वाजत असताना तसंही काही ऐकू येत नाही. आणि चवथीच्या आधी, पाऊस जरा ओसरला की, मीटर घेऊन परत एकदा ११ व्होल्ट येतात का बघा, माझे गेल्या वर्षी १२.४ आले होते, नॉब जागच्या जागी असून. नवीन ब्लूटूथ रिसीव्हर टाकला होता मधे, त्याचा सिग्नल जास्त होता, आणि ते मी विसरलो होतो.